टाइमिंग मशीनचे चार आकडे: जुनं घड्याळ घेताना आणि गिऱ्हाईकाला देताना काय वाचायचं?



जुनी चावीची घड्याळं घ्यायची, नीट करायची आणि विकायची, हा छोटा धंदा अनेकांच्या डोक्यात असतो. भांडवल कमी लागतं, घरातलं एक टेबल पुरतं. या धंद्यात पहिल्या काही महिन्यांत पैसे अडकतात ते खरेदीत. घड्याळ चालतंय, काटे फिरतायत, डायल छान आहे, म्हणून घेतलं. आणि घरी आल्यावर कळलं की नफा जेवढा होणार होता तेवढा सर्व्हिसिंगलाच जाणार.

हे टाळायला टाइमिंग मशीन लागतं. चिनी बनावटीचं वेईशी १००० किंवा रंगीत स्क्रीनचं वेईशी १९०० हे छोट्या धंद्यात सर्रास वापरलं जातं. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये विट्शीसारखी महागडी स्विस मशीन असतात. मशीन कुठलंही असो, आकडे तेच. पण आकडे दिसणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. व्हिडिओत स्क्रीन भराभर पुढे जातो, म्हणून इथे सगळं सावकाश लिहून देतोय.

एक खुलासा आधीच करतो. घड्याळाच्या दुकानात आतल्या यंत्रालाच ‘मशीन’ म्हणतात. गोंधळ नको म्हणून इथे आतल्या यंत्राला ‘मुव्हमेंट’ म्हणू आणि मोजणाऱ्या यंत्राला ‘टाइमिंग मशीन’.

आधी एक कोडं सोडवा

समजा टेबलावर दोन एचएमटी जनता आहेत. दोन्ही १७ ज्वेलची, दोन्हींची किंमत सारखी, डायल दोन्हींची चांगली. पूर्ण चावी भरून, डायल वर ठेवून मोजलं, तर:

घड्याळ अ: रेट +३, अ‍ॅम्प्लिट्यूड १७२, बीट एरर ०.९
घड्याळ ब: रेट +२५, अ‍ॅम्प्लिट्यूड २६८, बीट एरर ०.४

कुठलं घ्याल? नव्या माणसाचा हात ‘अ’कडे जातो. दिवसाला फक्त ३ सेकंद पुढे, म्हणजे एकदम अचूक! आणि तिथेच तो फसतो. का, ते एकेक आकडा समजून घेऊ.

टाइमिंग मशीन ऐकतं काय?

टाइमिंग मशीन काटे बघत नाही. ते फक्त टिकटिक ऐकतं. स्टँडमध्ये माइक असतो, तो घड्याळाच्या धातूतून येणारा आवाज पकडतो.

आपल्याला एक ‘टिक’ ऐकू येते, पण त्या एका टिकमध्ये मुख्यतः तीन आवाज असतात. बॅलन्स व्हील फिरत येतं आणि त्याची छोटी पिन पॅलेट फोर्कला धडकते, हा पहिला. मग एस्केप व्हीलचा दात पॅलेटच्या खड्याला ढकलतो, हा दुसरा. शेवटी फोर्क पलीकडच्या बाजूला जाऊन थांबतो, हा तिसरा. हे सगळं सेकंदाच्या अगदी लहानशा तुकड्यात घडतं. या आवाजांमधलं अंतर मोजून टाइमिंग मशीन सगळे आकडे काढतं.

म्हणूनच मोजताना पंखा, मिक्सर, रस्त्याचा आवाज नको. घड्याळ स्टँडवर लावताना क्राउन, म्हणजे चावी, स्टँडच्या धातूच्या बाजूला टेकलेली ठेवा. आवाज स्वच्छ येतो.

आकडा पहिला: बीट

तासाला किती टिका पडतात, तो हा आकडा. जनतासारख्या चावीच्या घड्याळाचा बीट १८,०००, म्हणजे सेकंदाला ५ टिका. सीको ७एस२६ आणि एनएच३५ यांचा २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. ईटीए २८२४-२ चा २८,८००, म्हणजे सेकंदाला ८.

बहुतेक वेळा टाइमिंग मशीन बीट आपोआप ओळखतं. पण आवाज खराब असेल तर चुकतं, आणि मग पुढचे सगळे आकडे निरर्थक. रेट काहीच्या काही आला, तर आधी बीट बघा आणि हाताने सेट करा. घड्याळाला दोष देण्याची घाई नको.

आकडा दुसरा: रेट

घड्याळ याच चालीने चाललं तर २४ तासांत किती सेकंद पुढे किंवा मागे जाईल, ते रेट सांगतो. + म्हणजे पुढे, − म्हणजे मागे. लक्षात घ्या, हा अंदाज आहे. टाइमिंग मशीन थोडा वेळ ऐकतं आणि दिवसाचा हिशेब मांडतं.

दिवसात ८६,४०० सेकंद असतात. १० सेकंदांची चूक म्हणजे जेमतेम ०.०१२ टक्के. कमानीवर आणि दातेरी चाकांवर चालणाऱ्या वस्तूसाठी ही कमाल आहे. पण गिऱ्हाईकाला टक्के कळत नाहीत. त्याच्या भाषेत सांगा: दिवसाला २० सेकंद म्हणजे महिन्याला १० मिनिटं.

चांगलं म्हणजे किती? स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देते. तिथे मुव्हमेंट १५ दिवस, पाच पोझिशनमध्ये आणि तीन तापमानांत तपासतात. तिथली सरासरी रोजच्या रेटची मर्यादा आहे −४ ते +६. दुसरीकडे, रोजच्या वापरातल्या एनएच३५ साठी बनवणाऱ्यांनीच −२० ते +४० अशी मर्यादा ठेवली आहे. मग अनेक वर्षं वापरलेल्या जनताकडून शून्याची अपेक्षा ठेवायची का? नाही. आणि गिऱ्हाईकाला तसं वचन तर अजिबात द्यायचं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रेट हा बाहेरून हलवता येणारा आकडा आहे. बॅलन्सवर रेग्युलेटरचा छोटा दांडा असतो, तो एका बाजूला सरकवला की घड्याळ पुढे जातं, दुसऱ्या बाजूला सरकवला की मागे. आतून सुकलेलं, मळलेलं घड्याळसुद्धा दांडा सरकवून पाच मिनिटांत ‘+३’ दाखवू शकतं. विकणाऱ्याने नेमकं तेच केलेलं असू शकतं. म्हणून फक्त रेट बघून खरेदी करायची नाही.

आकडा तिसरा: अ‍ॅम्प्लिट्यूड. खरी तब्येत इथे कळते

बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं, ते म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड. २७० म्हणजे पाऊण फेरी. मेनस्प्रिंगची ताकद सगळी चाकं ओलांडून बॅलन्सपर्यंत किती पोचते, ते या आकड्यातून दिसतं. वाटेत तेल सुकलं असेल, मळ असेल, पिव्हट झिजले असतील, मेनस्प्रिंग थकली असेल, तर ताकद वाटेतच संपते आणि हा आकडा पडतो. हा दांडा सरकवून वाढवता येत नाही. घड्याळ उघडून, धुऊन, तेल देऊनच वाढतो.

जुन्या चावीच्या घड्याळासाठी, पूर्ण चावी भरून आणि डायल वर ठेवून, ढोबळ नियम असा धरा:

२५० ते ३१०: तब्येत चांगली.
२२० ते २५०: चालेल, पण सर्व्हिसिंग जवळ आलंय.
२०० ते २२०: सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.
२०० च्या खाली: हे घड्याळ ‘चालू’ म्हणून घ्यायचं नाही, दुरुस्तीचं म्हणून घ्यायचं.

उलटं टोकही असतं. जास्त ताकदीची मेनस्प्रिंग बसवली की अ‍ॅम्प्लिट्यूड ३३० च्या आसपास किंवा त्याच्या वर जातो. मग बॅलन्सची पिन पूर्ण वळसा घालून फोर्कला मागच्या बाजूने ठोकते आणि रेट एकदम शेकडो सेकंद पुढे पळतो. म्हणजे जास्त तेवढं चांगलं, असंही नाही.

आता कोड्याकडे वळू. ‘अ’चा अ‍ॅम्प्लिट्यूड १७२. म्हणजे ते आतून थकलंय, रेट फक्त दांड्याने ओढून आणलाय. क्राउन खाली करून मोजलं तर ते समजा −४८ आणि १४५ दाखवेल. हातात घातल्यावर गिऱ्हाईकाला हेच अनुभवायला मिळणार. ‘ब’ त्याच पोझिशनमध्ये +१९ आणि २३६ दाखवतं. म्हणजे ते कुठेही ठेवा, सारखंच २०–२५ सेकंद पुढे आहे. दांडा किंचित सरकवला की दोन्ही पोझिशन शून्याच्या जवळ येतील. काम झालं. घ्यायचं घड्याळ ‘ब’.

लिफ्ट अँगल: एक सेटिंग, जे सगळं बिघडवू शकतं

अ‍ॅम्प्लिट्यूड काढायला टाइमिंग मशीनला लिफ्ट अँगल माहीत असावा लागतो. फोर्क आणि बॅलन्स एकमेकांच्या संपर्कात असताना बॅलन्स जेवढे अंश फिरतं, तो हा कोन. तो प्रत्येक कॅलिबरचा वेगळा. टाइमिंग मशीनवर बहुधा आधीच ५२ लावलेला असतो. पण ईटीए २८२४-२ चा ५० आहे आणि सीको ७एस२६ चा ५३.

फरक किती पडतो? लिफ्ट अँगल जेवढ्या प्रमाणात चुकतो, तेवढ्याच प्रमाणात अ‍ॅम्प्लिट्यूड चुकतो. ५० च्या जागी ५२ राहिला, तर खरा २६९ असताना स्क्रीनवर २८० दिसेल. रेट आणि बीट एररवर मात्र याचा परिणाम होत नाही.

कॅलिबरचा आकडा मिळत नसेल तर मोबाइलने काम होतं. मागचं झाकण काढा, बॅलन्सच्या कडेवर मार्करने बारीक ठिपका द्या आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. चावी थोडी थोडी भरत जा. दोन्ही बाजूंच्या टोकांना ठिपका बरोबर एकाच जागी थांबताना दिसला, म्हणजे अ‍ॅम्प्लिट्यूड नेमका १८० झाला. आता स्क्रीनवर १८० येईपर्यंत लिफ्ट अँगल बदला. तोच तुमच्या घड्याळाचा खरा लिफ्ट अँगल. वहीत लिहून ठेवा, पुन्हा शोधावा लागणार नाही.

आकडा चौथा: बीट एरर

‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्यामधलं अंतर सारखं हवं. एक लांब आणि एक आखूड झालं, तर तो फरक मिलिसेकंदात दिसतो. घड्याळ लंगडत चालतंय, असं समजा.

०.५ च्या आत उत्तम. जुन्या घड्याळात १.० पर्यंत चालतं. २ च्या वर गेला तर बंद पडलेलं घड्याळ चावी भरल्यावर आपणहून सुरू व्हायला त्रास देऊ शकतं, गिऱ्हाईकाला हलवावं लागतं.

काही कॅलिबरमध्ये हेअरस्प्रिंगचं टोक धरणारा स्टड होल्डर हलतो. तिथे हे काम सोपं आहे. जिथे तो हलत नाही, तिथे बॅलन्स बाहेर काढून हेअरस्प्रिंगचा कॉलेट फिरवावा लागतो. केसासारखी बारीक स्प्रिंग, जरा हात चुकला की वाकली. म्हणून नवीन असाल तर ०.८ चा ०.२ करायच्या नादात चांगलं घड्याळ बिघडवू नका. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक तुम्हाला एक रुपया जास्त देणार नाही.

स्क्रीनवरच्या रेघा काय सांगतात?

टिकचे ठिपके आणि टॉकचे ठिपके मिळून दोन रेघा बनतात.

१. रेघा वर चढतायत: घड्याळ पुढे. खाली उतरतायत: मागे. आडव्या: रेट शून्याजवळ.
२. दोन रेघांमधलं अंतर: बीट एरर. एकमेकींना चिकटल्या तर उत्तम.
३. रेघ लाटेसारखी, ठराविक वेळाने वर-खाली: कुठल्या तरी चाकात, दातात दोष किंवा मळ. १८,००० च्या घड्याळात १५ दातांचं एस्केप व्हील ६ सेकंदांत एक फेरी मारतं. लाट दर ६ सेकंदांनी परत येत असेल, तर संशय त्याच्यावर घ्या.
४. ठिपके सगळीकडे विखुरलेले: आवाज नीट पोचत नाहीये किंवा मुव्हमेंट खूप मळलीय. आधी घड्याळ परत बसवून मोजा.
५. रेट एकदम मिनिटांमध्ये पुढे: बरेचदा मॅग्नेट लागलेला असतो. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ धावतं. साधं होकायंत्र जवळ नेऊन बघा. सुई हलली तर डीमॅग्नेटायझरवर धरा आणि मग पुन्हा मोजा. काही सेकंदांचं काम, आणि अशी घड्याळं ‘बिघडलेली’ म्हणून स्वस्तात मिळतात!

मोजायची पद्धत: रोज एकच ठेवा

१. चावी पूर्ण भरा. सीको ७एस२६ ला हाताने चावी भरता येत नाही, ते हलवूनच भरावं लागतं. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा.
२. बीट आणि लिफ्ट अँगल तपासा.
३. किमान तीन पोझिशन घ्या: डायल वर, डायल खाली, क्राउन खाली. डाव्या हातात घातलेलं घड्याळ, हात खाली सोडला की क्राउन खाली येतो, म्हणून ही पोझिशन महत्त्वाची.
४. प्रत्येक पोझिशनला निदान एक मिनिट द्या. सेकंद काट्याचं चाक एका मिनिटात एक फेरी मारतं, तेवढा वेळ तरी ऐकायलाच हवं.
५. २४ तासांनी, चावी न भरता, पुन्हा मोजा. अ‍ॅम्प्लिट्यूड थोडा उतरणारच. पण खूप कोसळला तर मेनस्प्रिंगकडे बघा.

आडव्यापेक्षा उभ्या पोझिशनमध्ये अ‍ॅम्प्लिट्यूड २०–४० अंशांनी कमी येणं नेहमीचं आहे. त्यात घाबरायचं काही नाही.

आता धंद्याचं गणित

समजा दोन्ही घड्याळं १,२०० रुपयांना मिळतायत आणि तयार झाल्यावर २,८०० ला विकली जातील.

घड्याळ अ: खरेदी १,२०० + सर्व्हिसिंग ९०० + काच आणि पट्टा २५० = २,३५०. हातात राहिले ४५०.
घड्याळ ब: खरेदी १,२०० + रेट लावणे १५० + काच आणि पट्टा २५० = १,६००. हातात राहिले १,२००.

एका घड्याळामागे ७५० रुपयांचा फरक, दहा घड्याळांमागे ७,५००. ‘अ’मध्ये एखादा पार्ट झिजलेला निघाला तर ४५० सुद्धा गेले. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाकून स्वतः हिशेब करा.

याचा अर्थ ‘अ’ कधीच घ्यायचं नाही असा नाही. विकणाऱ्याला स्क्रीन दाखवा आणि शांतपणे सांगा, “दादा, घड्याळ चालतंय, पण आतून सुकलंय. सर्व्हिसिंग धरूनच भाव लावा.” ५०० ला मिळालं तर ‘अ’ सुद्धा चांगली खरेदी आहे. आकडा समोर असला की घासाघीस करावी लागत नाही.

गिऱ्हाईकाला स्लिप द्या

दुरुस्तीचं काम घेत असाल तर घड्याळ हातात आल्या आल्या, गिऱ्हाईकासमोरच मोजा आणि स्क्रीनचा फोटो काढा. काम झाल्यावर पुन्हा मोजा. एका छोट्या स्लिपवर तारीख, कॅलिबर, लिफ्ट अँगल आणि तीन पोझिशनचे आधीचे-नंतरचे आकडे लिहून द्या.

फायदे तीन. गिऱ्हाईकाला कळतं की ९०० रुपये कशाचे घेतले. दोन महिन्यांनी “तुम्ही बिघडवलं” असं कोणी म्हणालं, तर तुमच्याकडे पुरावा असतो. आणि लोक बरेचदा वडिलांचं, आजोबांचं घड्याळ घेऊन येतात; ज्याने कागदावर लिहून दिलं, त्याच्याकडेच दुसरं घड्याळ आणि दुसरं गिऱ्हाईक येतं.

वचन देताना हात राखून द्या. “काका, हातात घातल्यावर दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत राहील. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या.” एवढंच. तुमच्या आकड्यांप्रमाणे ते दहा सेकंदांत राहिलं, तर काका खूश. शून्याचं वचन देऊन दहा सेकंद आले, तर तेच काका नाराज. जमेल तेवढं रेट किंचित प्लसमध्ये ठेवा. घड्याळ थोडं पुढे असलं तर चालतं, मागे पडलं आणि गाडी चुकली तर नाही चालत.

हे टाइमिंग मशीन सांगत नाही

शेवटची आणि फार महत्त्वाची गोष्ट. टाइमिंग मशीन फक्त टिकटिक ऐकतं, हे पुन्हा आठवा. काट्यांना धरणारी कॅनन पिनियन सैल असेल, तर आकडे झकास येतील आणि काटे मात्र मागे पडत राहतील. तारीख बदलते का, एका चावीत घड्याळ किती तास चालतं, डायल मूळचं आहे की पुन्हा रंगवलेलं, पाणी आत जाईल का, यातलं काहीही स्क्रीनवर येत नाही. म्हणून विकण्याआधी घड्याळ मोबाइलच्या वेळेला लावा, निदान दोन दिवस चालवा आणि काटे बघा. टाइमिंग मशीन आणि काटे, दोघांचं एकमत झालं की मगच गिऱ्हाईकाच्या हातात द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: घरातली किंवा ओळखीतली पाच चावीची घड्याळं गोळा करा. प्रत्येकाचे तीन पोझिशनचे आकडे वहीत लिहा आणि घड्याळ न उघडता समोर एक ओळ लिहा: घ्यावं, भाव कमी करून घ्यावं, की सोडावं. मग एखाद्या अनुभवी कारागिराला उघडून दाखवायला सांगा आणि तुमचं उत्तर बरोबर आलं का ते बघा. पाचपैकी चार जुळली, की खरेदीला बाहेर पडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!